लेबल नसलेली गोळी

लेबलसाहेबांनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायले आणि मग त्यांचं लक्ष काचेच्या बशीकडे गेलं. बशीत एक गोळी उरली होती. पांढरी, गोल. गिळलेलीही तशीच होती. दोन्हींतली एक त्यांच्या खिशातली, डोकेदुखीची. दुसरी पोलिसांनी कुठल्याशा पार्टीत पकडून तपासणीसाठी पाठवलेली. पोटात कुठली गेली, ते देवालाच ठाऊक!

आता गंमत बघा. या माणसाच्या घरी मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ अशी चिठ्ठी, साखरेच्या डब्यावर ‘साखर’, इतकंच काय, चष्म्याच्या डबीवर ‘चष्मा’. प्रयोगशाळेत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. आज डोकं ठणकत होतं म्हणून आयुष्यात एकच वस्तू, खिशातली गोळी, त्यांनी क्षणभर नमुन्याच्या बशीत बिनलेबलाची ठेवली आणि तिनेच दगा दिला.

“अहो, तुम्ही? निदान तुम्ही तरी!” प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी कपाळावर हात मारला.

“उरलेली मी आत्ता तपासतो...”

“कशाला हात लावू नका! आता तुम्हीच नमुना आहात.” तपासणीचं मशीन सकाळपासून रुसलेलं होतं. दुरुस्तीवाला आला की गोळी तपासून फोन करते म्हणाल्या आणि त्यांना धरून दवाखान्यात घेऊन निघाल्या.

पार्ट्यांतल्या या नशेच्या गोळीवर कॉलेजांतून भाषणं द्यायचे ते साहेबच. ‘मुलांनो, ही गोळी धड उत्तेजकांत बसत नाही, धड भास घडवणाऱ्यांत बसत नाही. नातं दोघांशी. म्हणून तज्ज्ञांनी तिचा वेगळा वर्ग केला, आपुलकी जागवणारी. कायद्याला मात्र या आपुलकीचं कौतुक नाही, त्याने तिच्यावर बंदीच घातलीय.’ मग परिणाम. काळीज धडधडतं, जबडा आवळतो, घसा सुकतो, अंग तापतं, प्रसंगी जिवावर बेततं. समोरच्याबद्दल प्रेम दाटून येतं आणि मनातलं भडाभडा बाहेर पडतं. नंतर मात्र दोनेक दिवस मन पार खाली बसतं.

सगळं तोंडपाठ असल्यामुळे दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत साहेबांना सगळं होऊ लागलं. “बाई, तुम्ही ओरडता ना, तेव्हा मला माझी आई आठवते,” ते गहिवरून म्हणाले. बाई त्यांच्यापेक्षा वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

“नाडी पळतेय, बाकी ठीक दिसतंय,” डॉक्टर म्हणाले. “पण आज एकटं ठेवू नका. ताप चढला तर लगेच घेऊन या. घरी कोण आहे?”

घरी कुणी नव्हतं. बायको लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. जवळचं म्हणावं असं गावात एकच माणूस, धाकटा भाऊ, आणि त्याच्याशी वडील गेल्यापासून बोलणं बंद. वडिलांच्या शेवटच्या वेळी तो हॉस्पिटलमध्ये उशिरा पोचला होता. साहेबांनी चारचौघांत त्याला ‘बेजबाबदार’ म्हटलं होतं आणि ते लेबल त्याला घट्ट चिकटलं होतं.

बाईंनी फोन केला. तो आला. त्याने दादाला रिक्षात घातलं, घरी आणलं, पंखा लावला, ओला रुमाल कपाळावर ठेवला.

त्या थंड रुमालाने साहेबांचा बांध फुटला.

“छोट्या, तू उशिरा नव्हतास रे आला. मीच तुला उशिरा कळवलं. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, सगळ्यांना बोलावून घ्या. मला वाटलं, तू येशील, रडारड करशील, गोंधळ घालशील. फोन केला तेव्हा सगळं संपत आलं होतं. आणि वर चारचौघांत तुलाच बेजबाबदार म्हटलं.”

धाकटा हमसून रडला. “मला वाटायचं, खरंच माझंच चुकलं,” एवढंच म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाल्कनीत जाऊन बोलून आला आणि चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेला.

मग साहेबांचा फोन वाजला. बाई होत्या. “सुटलात! पकडलेली गोळी बशीतच होती. तुम्ही डोकेदुखीचीच गिळलीत.”

साहेबांनी जबडा चाचपून पाहिला. जबडा अगदी सैल होता. म्हणजे मगाशी बोलले ते सगळं शुद्धीत? उद्या हे भावजयीला कळणार, पोरांना कळणार, अख्ख्या खानदानाला कळणार. गोळीच्या आडून जे सहज बोलता आलं, ते आता त्यांच्या अंगावर आलं.

धाकट्याने चहा आणला. समोर बसला. हळूच म्हणाला, “दादा, मगाचं परत एकदा सांगशील?”

“मगाचं? छे रे! गोळी चढली होती. काहीतरी बरळलो असेन. मनावर घेऊ नकोस.”

“म्हणजे फोन वेळेवर केला होतास?”

“आता... नीट आठवत नाही.”

धाकट्याने हातातला कप खाली ठेवला. “बाईंनी आधी मलाच फोन केला होता, दादा. डोकेदुखीची गोळी होती. म्हटलं, आता शुद्धीत सांगतोस का बघू.” त्याने चपला घातल्या. “चहा निवेल, पी.”

दार लागलं. साहेब जागच्या जागी बसून राहिले. भाषणात सांगायचे ती उतरल्यावरची उदासी गोळी न घेताच आली, आणि ती दोन दिवसांत जाणारी नव्हती. एक वाक्य परत म्हणायचं होतं. तेवढंही जमलं नाही, याचा त्यांना मनस्वी पश्चात्ताप झाला. शेवटी त्यांनी फोन उचलला.

“हां, दादा,” धाकट्याने लगेच घेतला. जणू हातातच धरून चालला होता.

“अरे...” साहेबांनी तोंड उघडलं. घसा सुकला, काळीज धडधडलं, जबडा आवळला. सगळी लक्षणं आली, फक्त शब्द आले नाहीत. “डोकं दुखतंय रे,” ते म्हणाले.

पलीकडे धाकट्याच्या चपलांचा आवाज थांबला.

“मग गोळी घे,” तो म्हणाला. “आणि या वेळी तरी बघून घे.”