गाडीची दाढी

रविवारी सकाळी आमच्या पनवेलच्या सोसायटीत म्हात्रेकाका गाडीची दाढी करतात. म्हणजे बॉनेट उघडतात, वाटीत साबणाचा फेस काढतात आणि एसीच्या पाइपांच्या सांध्यांना दाढीच्या ब्रशाने फासतात. गॅस जिथून गळतो तिथे बुडबुडे येतात. स्वतःची दाढी ते त्यानंतर उरलेल्या फेसात उरकतात.

काका मूळचे गव्हाणचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. गाडी अठरा वर्षांची. एसी लावला की तोंडावर गरम वाफ. कोणी नुसता गॅस भरायला सांगितला की ते उखडतात. "गॅस संपत नाय, पळतो. पयला चोर पकडा."

चोर पकडण्यात त्यांचा हातखंडा. माझ्या गाडीची गळती दोन मेकॅनिकांना सापडली नव्हती. काकांनी पाइपावरचा तेलकट डाग हेरला, ब्रश फिरवला आणि बुडबुडा आला. पुढे महिनाभर ते लिफ्टमध्ये "गार हाय ना?" विचारायचे आणि हो म्हटल्याशिवाय मला बटण दाबू द्यायचे नाहीत.

त्यांच्या स्वतःच्या गाडीत मात्र वर्षभरात एकही बुडबुडा नाही. दिव्याखाली अंधार, म्हणून आम्ही मनसोक्त हसायचो.

मे महिन्यात त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. बाळाला या भट्टीतून कसं आणणार, असं म्हणत मीच त्यांना ओढत गॅरेजात नेलं. मेकॅनिकने एसीच्या जाळीपाशी गळती शोधायचं यंत्र धरलं, तसं ते केकाटायला लागलं. गळती आतल्या कूलिंग कॉइलला होती. तिथे ब्रश पोचतच नाही, अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी काकांकडे जिंकल्यासारखं पाहिलं. ते खाली बघत होते.

"मला पयल्यापासून ठाव हाय, भाऊ," ते म्हणाले. "पण ती एकवीरा आई आमच्या हिनं चिकटवलीय."

डॅशबोर्डवर एकवीरेची छोटी मूर्ती होती, जराशी वाकडी. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. इतके दिवस हसल्याची मला लाज वाटली.

नातवासाठी काका तयार झाले, पण त्यांना बघवेना. ते रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. डॅशबोर्ड निघताना आणि परत बसताना मूर्तीवर हात धरून मी उभा होतो. संध्याकाळी एसीतून गार हवा आली. काकांनी त्या हवेबद्दल विचारलंच नाही.

"सरळ तर नाय ना केली त्यानं?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही काका. काकूंनी लावली तशीच वाकडी आहे."

तेव्हा कुठे ते वळले.