निसळमास्तरांचा अठ्ठाविसावा नियम

निसळमास्तरांना रस्त्यात "काय मास्तर, जेवण झालं का?" असं विचारलं, की ते आधी तुमचे शब्द बोटांवर मोजायचे. मग म्हणायचे, "पाच. दोनात भागलं असतं. जेवलात का?" आणि एवढं झाल्यावर उत्तर द्यायचे, "हो."

बेलापूरच्या पोस्टात ते तारमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. उभा जन्म तारयंत्राची कडकट्ट ऐकून त्यांना माणसांचं पाल्हाळ सोसेनासं झालं होतं. लग्नात मंगलाष्टकं लांबली की ते कासावीस होत. "इतक्या वेळा 'सावधान' कशाला? एकदा पोचलं ना?" कुणी पुटपुटलं तर लगेच, "पुन्हा धाडा!" घरी एकटेच असायचे, त्यामुळे तिथे कुणी पाल्हाळ लावायचा प्रश्नच नव्हता.

गणपतीतल्या गाण्याच्या स्पर्धेत आदल्या वर्षी निकालावरून मारामारी झाली होती आणि परीक्षकांची टोपी विहिरीत सापडली होती. तेव्हा यंदा कुणाला भांडताच येणार नाही अशी स्पर्धा मंडळाला हवी होती. मास्तरांनी काढली : सांकेतिक निरोपांची. परीक्षकही तेच, गुण मांडायला मी. तिघांचा संघ. एकाने चिठ्ठीतला निरोप आपापल्या खुणांत बसवायचा, दुसऱ्याने शाळेच्या मैदानाच्या या टोकाहून तो वाजवायचा, तिसऱ्याने त्या टोकाला ऐकून सांगायचा. चुकेल त्या अक्षराला पाच गुण वजा.

नियम सत्तावीस. मीच ते सुवाच्य अक्षरात लिहून चावडीवर डकवले. 'शिंक आल्यास ती निरोपात धरली जाणार नाही.' 'परीक्षकाने कोणत्याही संघाचा चहा पिऊ नये.' आणि मास्तरांचा लाडका अकरावा : 'आलेल्या अक्षरांत स्वतःचे डोके चालवू नये.'

शेवटी दोन संघ उरले. एक आमच्या शाळेतल्या गुरुजींचा, दुसरा पुणतांब्याचे शेतकरी किसनराव, त्यांचा भाऊ आणि बायको सखूबाई यांचा. दोघांना चिठ्ठी एकच : 'नदीला पूर आला आहे, जनावरे वर न्या.' म्हणून गुरुजींची पाळी संपेपर्यंत सखूबाईंना लांब चावडीत बसवलं होतं.

गुरुजींनी प्रत्येक अक्षराला आकडा दिला होता. अर्धा तास घंटा वाजत होती. पलीकडे गणिताचे देवगुरुजी घाम पुसत अक्षरं टिपत होते. अखेर त्यांनी खणखणीत वाचलं, "नदीला पूर आला आहे, जनावरे वर प्या."

मैदान हसून लोळलं. मास्तर हसले नाहीत. "गुरुजी, काय वाचलंत ते कळलं का?"

"अर्थ बघणं माझं काम नाही," देवगुरुजी म्हणाले. "नियम अकरा."

मास्तरांचा चेहरा उतरला.

मग किसनरावांच्या भावाने पाखरं हाकायचा पत्र्याचा डबा उचलला. ठणठण, ठण, ठणठणठण. मिनिटभरात संपलं. चावडीतून आणलेल्या सखूबाई त्या टोकाला पदर खोचून उभ्याच राहिल्या. "पानी चढलं! गुरं माळावर घ्या!"

चिठ्ठीतला एकही शब्द जागेवर नव्हता. "आमी बांधावरून रोज असंच बोलतो," किसनराव म्हणाले. "अक्षरं न्हाई जमत."

माझ्या हिशेबी गुरुजींना पंच्याण्णव आणि पुणतांब्याला भोपळा. पण मास्तर उठले. "नियम अठ्ठावीस. ज्याला निरोप कळला, तो जिंकला. पुणतांबा!"

"हा नियम केव्हा झाला?" देवगुरुजी ओरडले.

"आत्ता."

मी आधी मास्तरांची टोपी ताब्यात घेतली. बराच गोंगाट झाला, पण 'जनावरे वर प्या' असं कुणीतरी मागून ओरडलं आणि खुद्द गुरुजींनाच हसू फुटलं. बक्षिसाची पितळी घागर सखूबाईंच्या कमरेवर गेली.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, "मास्तर, तुम्ही नियम मोडलात?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आई गेली तेव्हा मी दुसऱ्या गावच्या पोस्टात होतो. ती अत्यवस्थ असल्याची तार मीच घेतली. अक्षरन् अक्षर बरोबर. पाकीट चिकटवलं, शिक्का मारला, गठ्ठ्यात ठेवलं. वाटपाला द्यायच्या वेळी पत्ता पाहिला, तर माझंच नाव."

"मधे किती वेळ गेला?"

"एक गाडी सुटण्याएवढा."

कडुलिंबाखाली पुणतांब्याची मंडळी भाकरीचं फडकं सोडून बसली होती. सखूबाईंनी तिथूनच हाक मारली, "मास्तर, या की चार घास खायला! ठेचा लई झाक झालाय!"

मास्तर क्षणभर घुटमळले. मग वहाणा काढून त्यांच्यात जाऊन बसले.