‘इतर’ पाच टक्क्यांच्या आत

आजार शरीरात सुरू होतो, हा एक जुना गैरसमज आहे. वास्तविक तो नोंद झाल्यावर सुरू होतो. नोंदीआधी जे काही असतं त्याला फार तर कुरकुर म्हणता येईल, आणि कुरकुरीवर कोणत्याही सुधारलेल्या समाजात उपचार होत नाहीत. हे ज्ञान मला उशिरा झालं, पण देवाच्या कृपेने घरबसल्या झालं. कारण माझी धाकटी जाऊ आरोग्य माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन घेत होती.

जाऊ एका रुग्णालयात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. पाळी रात्रीची. लेक शाळेतून यायची तेव्हा ही निघायच्या घाईत, आणि लेक शाळेला निघायची तेव्हा ही अंथरुणात. पदवी मिळाली की माहिती विभागात दिवसपाळी देऊ, असं वरिष्ठांनी सांगितलं होतं. (तोंडी. त्या रुग्णालयात आश्वासन ही एकच गोष्ट अजून संगणकावर आलेली नाही.)

अभ्यासक्रम अतिशय दर्जेदार होता. व्याख्यानं आधीच ध्वनिमुद्रित केलेली असल्यामुळे प्राध्यापकांना विद्यार्थ्यांचा त्रास नव्हता. जाऊ ती दीडपट वेगाने ऐकायची, त्यामुळे तिला घरातली सगळी माणसं रेंगाळत बोलतात असं वाटू लागलं. (अपवाद सासूबाई. त्यांचा वेग मुळातच तेवढा आहे.) शिवाय चर्चामंच होता. तिथे प्रत्येकाने आपलं मत लिहायचं आणि दुसऱ्या दोघांच्या मतांना ‘तुमचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे’ असं कळवायचं. तीन सत्रांत इतके मुद्दे विचार करायला लावणारे निघाले, की विचार करायला कोणालाच सवड उरली नाही.

मग आला अंतिम प्रकल्प. एका लोकसमूहाच्या आरोग्याची नोंदव्यवस्था उभारायची होती. रुग्णालयाने आपला डेटा द्यायला गोपनीयतेच्या कारणास्तव नकार दिला. त्या वेळी जिन्याखाली रुग्णांच्या फायलींचा ढीग होता आणि त्यावर कोणीतरी डबा उघडून बसलं होतं. पण ते कागद होते, डेटा नव्हे. तेव्हा लोकसमूह म्हणून आमच्या घराची निवड झाली. निवडीत चुरस अशी नव्हती.

रोज सकाळी पाळीवरून आल्याआल्या, झोपण्याआधी जाऊ फोन घेऊन एकेकासमोर बसायची. तक्रार विचारायची आणि पडद्यावरच्या यादीतला पर्याय निवडायची. यादी परिपूर्ण होती. तिच्यात कासव चावल्याचीसुद्धा सोय होती. अडचण फक्त सासऱ्यांची झाली.

“बाबा, काय होतंय?”

“कसंसंच होतंय गं.”

“म्हणजे दुखतंय?”

“दुखत नाही.”

“चक्कर? मळमळ? धडधड?”

“छे. आपलं... कसंसंच.”

“लग्नापासून यांना कसंसंच होतंय,” सासूबाई आतून म्हणाल्या. “सगळे उपाय करून झाले माझे.”

यादीत ‘कसंसं’ नव्हतं. जाऊने ‘इतर’ निवडलं. हे पाहून बाकीच्यांनाही ‘इतर’ सोयीचं वाटू लागलं, आणि महिनाअखेर आमच्या घरातला प्रमुख आजार ‘इतर’ ठरला : एकूण तक्रारींच्या एकाहत्तर टक्के. मार्गदर्शकांनी (यांचा कपाळापासून वरचा भागच आम्हाला पडद्यावर दिसत असे) स्पष्ट बजावलं, की ‘इतर’ पाच टक्क्यांच्या आत आणा, नाहीतर प्रकल्प नापास. म्हणजे पदवी नाही. म्हणजे रात्रपाळी कायम.

घर एकदिलाने उभं राहिलं. जेवणाच्या टेबलावर बैठक होऊन आजारांचं खातेवाटप झालं.

“पाठ मी घेते,” सासूबाई म्हणाल्या. “पाठ माझ्या हक्काची आहे.”

“मला पित्त द्या,” धाकटे दीर म्हणाले. “ऑफिसात सगळ्यांना आहे.”

आमचे हे बैठकीला हजर नव्हते, म्हणून प्रचलित पद्धतीनुसार मान दुखण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकण्यात आली. मी खोटं बोलत नाही, तसा माझा नेम आहे. त्याचा मान राखून मला ‘कोणतीही तक्रार नाही’ हा पर्याय दिला गेला. (हे खोटं असू शकेल, अशी शंका कोणालाही आली नाही.)

उरले सासरे. त्यांच्यासाठी गुडघा राखून ठेवला होता.

“अगं, पण माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही. मला इथे...” त्यांनी छाती आणि पोट यांच्या मधे कुठेतरी हात ठेवला.

“बाबा,” जाऊ हळूच म्हणाली, “दिवसपाळीचा प्रश्न आहे हो.”

सासऱ्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, “कुठला गुडघा?”

“उजवा. डावा मी सराव परीक्षेत वापरलाय.”

‘इतर’ चार टक्क्यांवर आलं. ‘अल्पावधीत या कुटुंबाचं आरोग्य समजण्याजोगं झालं,’ असा शेरा मिळाला. पदवी आली, दिवसपाळी आली (तोंडी असूनही), आणि मायलेकी एका ताटात जेवू लागल्या. शास्त्राचा याहून मोठा विजय मी पाहिलेला नाही.

पुढे एका दुपारी सासऱ्यांना नेहमीपेक्षा जास्त कसंसं झालं. दीर त्यांना रुग्णालयात घेऊन गेले. आमच्या घराच्या नोंदी जाऊने एव्हाना तिथल्या यंत्रणेला जोडल्या होत्या. अशा यंत्रणा एकमेकींशी बोलतात, हे या शास्त्राचं वैशिष्ट्य आहे. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, पडद्याकडेच पाहत विचारपूस केली, आणि उजव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघा अप्रतिम निघाला. या वयात असा गुडघा विरळा, म्हणून त्यांनी सासऱ्यांचं अभिनंदनही केलं.

संध्याकाळी जाऊ घरी आली तेव्हा सासरे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तिने पाणी दिलं. सवयीने तिचा हात फोनकडे गेला, आणि तसाच थांबला. फोन पालथा ठेवून ती त्यांच्या पायाशी बसली.

“बाबा, खरंखरं सांगा. काय होतंय?”

सासरे एकदम दचकले. चष्मा चाचपत म्हणाले, “थांब हं. ती यादी दे बघू आधी.”

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल तर मला आनंदच आहे. मात्र आज सकाळी जाग आल्यावर आपल्याला झोप लागली होती का, हे तुम्ही मनगटावरच्या घड्याळाला विचारलंत, आणि त्याने ‘समाधानकारक’ म्हटल्यावर मगच तुम्हाला ताजंतवानं वाटू लागलं, तेव्हा मी काही हसले नव्हते.