दांड्या वर, दांड्या खाली

चष्मेवाल्याने हौसेने आईची चाल कॉम्प्युटरवर लिहायला घेतली आणि दोन बहिणींचा राग ओढवून घेतला.

चाल आईची स्वतःची होती. शिवणयंत्रावर बसली की ती गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसते सूर. रविवारी तिला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी तिने ती चाल दोन्ही लेकींच्या तोंडून एकत्र ऐकावी, असं या धाकट्या मुलाला फार वाटत होतं. आई आहे तोवरच हे व्हायला हवं, हेही त्याला कळत होतं. बहिणी लहानपणी गायनवृंदात होत्या, पाच रेघांवर टिंबांनी लिहिलेले सूर दोघींना वाचता येत. एकमेकींशी धड बोलणं तेवढं जमत नसे.

त्याने खालच्या आवाजात आईची चाल ठेवली आणि वरच्या आवाजात स्वतः रचलेली थोडी नक्षी घातली. एकाच ओळीवर दोन आवाज लिहिले, की प्रोग्राम पहिल्या आवाजाच्या टिंबांना उभ्या दांड्या वर काढतो, दुसऱ्याच्या खाली. शिवाय दुसऱ्या आवाजात जिथे जागा उरेल तिथे तो आपणहून थांबण्याच्या खुणा भरून टाकतो. पहिला आवाज ताईचा, दुसरा छोटीचा, असं ठरवून त्याने कागद धाडून दिले. ताई म्हणजे मुख्याध्यापिका. छोटी हॉस्पिटलात मेट्रन, वय वर्षं चोपन्न.

तासाभरात छोटीचा फोन.

"मी दोन नंबर का?"

"अगं, नंबराला काही अर्थ नसतो. उलट खालची चाल म्हणजे..."

"खालची! माझ्याच दांड्या खाली का? आणि ह्या खुणा कसल्या? गप्प बस, गप्प बस, गप्प बस! पानभर तेच लिहिलंयस."

"मी नाही लिहिलं, ते आपोआप येतं."

"ताईच्या वाट्याला बरं नाही आलं आपोआप!"

बिचाऱ्याने खुणा खोडल्या. मग छोटीला एक नंबर देऊन, ताईला दोनवर टाकून, नवा कागद दोघींना पाठवला. आता ताईचा फोन.

"माझ्या एका नजरेने सातशे पोरं चिडीचूप होतात, आणि तू मला खाली बसवतोस?"

"ताई, खाली कुठे, बाजूबाजूला..."

"मला नको शिकवूस. छोटी रडली असेल. लहानपणापासून तिचं तेच."

तीन दिवस हेच चाललं. शुक्रवारी त्याला युक्ती सुचली. प्रोग्राममध्ये आवाजांची अदलाबदल करणारं बटण होतं. ते दाबलं की सूर तेच राहत, फक्त नंबर आणि दांड्या बदलत: आईची चाल एक नंबरवर, दांड्या वर. म्हणजे ताईला मूळ कागद द्यायचा, छोटीला अदलाबदल केलेला, आणि दोघींना सांगायचं, "दांड्या वर असलेले सूर तुझे. एक नंबर तुझाच." दोघी खूश, आणि गाणंही बिनचूक.

पण तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "हे बरं दिसतं, की हे?" म्हणणाऱ्या माणसाचा हात एकदा बटण दाबून थांबतो थोडाच! त्याने अदलाबदल केली, मान तिरकी करून पाहिलं. हे बरं, की हे? पुन्हा दाबलं. मग आणखी दोनदा. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि त्याने घाईघाईत ताईला मूळ आणि छोटीला हा कागद पाठवून दिला. चारदा अदलाबदल केलेला कागद जसाच्या तसा मूळ कागद असतो, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. छोटीला मात्र वाटलं, भावाने अखेर न्याय केला. नंबर तर दिलाच, सूरही ताईचे काढून दिले.

रविवारी खोली पाहुण्यांनी भरली. आई मधल्या खुर्चीत बसली. दोघी उभ्या राहिल्या, ताठ मानेने, आणि गायला लागल्या. अगदी एकसारखं. जन्मात पहिल्यांदा दोघींचं इतकं जुळलं होतं. चष्मेवाल्याची नक्षी दोनदा ऐकू येत होती. आईची चाल कुठेच नव्हती.

टाळ्या पडल्या. आई कौतुकाने म्हणाली, "छान आहे हो. कुणाचं?"

"आई, तुझंच," तो कसाबसा म्हणाला.

"माझं? छे! माझं असं आहे." आणि आईने गुणगुणायला सुरुवात केली. आवाज कापत होता, पण सूर जागच्या जागी होते. चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. दोघी बहिणी हातातल्या कागदावर वाकल्या. दांड्या खाली असलेली, आठवडाभर कुणालाच नको झालेली ती ओळ त्यांनी आत्ता वाचली.

"म्हणजे दोन नंबर आईची चाल होती?" छोटी म्हणाली. "मग ती माझी. सगळ्यात आधी मलाच दिली होती."

"तुला नको होती ना? मी थोरली आहे. आईची चाल मी म्हणणार."

"तू आपली वरच बस. तुला वरचंच शोभतं."

"सोन्या, ताबडतोब माझ्या दांड्या खाली कर!"

"खबरदार, केल्यास तर!"

चष्मेवाला घाबरून आईकडे वळला. "आई, तूच सांग बाई. तुझी चाल कुणाला देऊ?"

"देतोस कशाला?" आई म्हणाली. "मी आहे ना अजून? माझी मी म्हणते. तुम्ही दोघी वर म्हणा."

मग तिघींनी मिळून ते पुन्हा म्हटलं. एक नंबर मिळालेल्या दोघी शेवटपर्यंत तोंड पाडून गात होत्या.