काश्यपगोत्री अर्लसाहेब

आमच्या शेजारच्या दामलेकाकांना कुठलीही गोष्ट सांगा, ते ती चारशे वर्षं मागे नेऊन इंग्लंडातल्या एका अर्लच्या, म्हणजे बड्या सरदाराच्या, दिवाणखान्यात सोडून येतात. आमचा एसी बंद पडला, तर त्यांच्या अर्लसाहेबांकडे थंडीने दौतीतली शाई गोठायची. माझी नणंद महिनाभर हलली नाही, तर अर्लसाहेबांकडे खुद्द राणी लवाजम्यासकट मुक्कामाला होती आणि तळ्यातले मासे संपले तरी निघायचं नाव घेत नव्हती.

काका मस्कतला, अल् घुब्रात, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि एका बांधकाम कंपनीचं स्टोअर सांभाळतात. त्यांचा गोरा साहेब मायदेशी परतताना एका अर्लचं जाडजूड चरित्र यांच्या हाती देऊन गेला. दुसऱ्या कुणी ते माळ्यावर टाकलं असतं. काकांनी त्या माणसाला नात्यात घेतलं. अर्लची बायको त्यांच्या तोंडी 'वहिनीसाहेब' असते, आणि थोरल्याने बापाला न विचारता लग्न केलं याचा त्यांना अजून राग आहे.

सर्वपित्री अमावास्येला दामलेकाकूंचा फोन आला. "वीणा, गच्चीवर ये गं. यांनी आज कहर केलाय."

गच्चीवर केळीची दोन पानं वाढलेली होती. एक दामल्यांच्या पितरांचं, दुसरं अर्लसाहेबांचं. पुण्याच्या गुरुजींना व्हिडिओ कॉलवर विचारून झालं होतं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणा, असं ते म्हणाले, आणि अर्लसाहेब काश्यपगोत्री झाले. त्यांना हरणाचं मांस फार आवडायचं, पण त्यावर काकूंनी डोळे वटारल्यामुळे खीर, वडे आणि बिनअंड्याचा केक यावर भागवलं होतं.

मस्कतला कावळ्यांची वानवा नाही. दामल्यांच्या पानाला कावळा लगेच शिवला. अर्लसाहेबांच्या पानाकडे एकही कावळा फिरकेना.

"मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या," काका म्हणाले. मग त्यांनी हात जोडून आश्वासनं द्यायला सुरुवात केली. थोरल्याला माफ केलं. वहिनीसाहेबांच्या माहेरच्यांना पुन्हा नावं ठेवणार नाही. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, मीही हसत होते. कावळे पाण्याच्या टाकीवर ढिम्म बसून होते.

काका माझ्याकडे वळले. "तिन्ही मुलगे त्यांच्यादेखत गेले गं. मुलगी बाळंतपणात गेली. घराणंच संपलं. त्यांचं करायला कुणी उरलंच नाही."

मग पुन्हा पानाकडे बघून हळूच म्हणाले, "मी आहे तोवर दरवर्षी घास ठेवीन, अर्लसाहेब. पुढचं मात्र माझ्या हातात नाही."

काकूंचं हसू थांबलं. या दोघांना मूलबाळ नाही. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ते माहीत आहे, बोलत कुणी नाही. चपला काढून मी काकांच्या शेजारी उभी राहिले आणि हात जोडले.

"पुढे मी ठेवीन," मी म्हटलं. "अर्लसाहेबांना. आणि काका-काकूंनाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून ते तो सदऱ्याला पुसत राहिले. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

कावळा केव्हा आला ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. पाहिलं तेव्हा अर्लसाहेबांच्या पानावरचा वडा गेलेला होता.