राखेचा रिपोर्ट

आमचे व्याही रोज सकाळी चहाच्या आधी चमचाभर राख पांढऱ्या बशीत घेऊन खिडकीपाशी जातात, चष्मा कपाळावर चढवतात आणि भिंगातून ती न्याहाळत बसतात. बशी वेगळी ठेवलेली आहे, हे आधीच सांगते. पुण्याच्या माझ्या बहिणीनं पहिला प्रश्न तोच विचारला होता. मग ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन जाहीर करतात, "करडी, पिठासारखी, खडे नाहीत. नॉर्मल." त्यानंतरच चहाला हात लावतात.

ही राख आमच्या बॉयलरची. क्योतोच्या उत्तरेला, बस जिथून दमून परत फिरते, त्या डोंगरात माझ्या लेकीचं घर आहे. केतकी विद्यापीठात संशोधन करते. जावई निरंजन टोकियोतल्या तोयोसु भागातल्या एका कंपनीचं काम घरून करतो आणि अधूनमधून तिथे तोंड दाखवून येतो. घराच्या आधीच्या मालकानं मागच्या खोलीत पेलेटवर चालणारा बॉयलर बसवला होता. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या, दिसायला थेट कोंबड्यांच्या खाद्यासारख्या. वरच्या पेटीत त्या ओतायच्या, की बॉयलर आपल्या आपण खातो, जळतो आणि खोल्याखोल्यांतून गरम पाणी फिरवतो. आपल्या आपण, असं विकणारे म्हणतात.

आमचे हे गेल्यावर मी लेकीकडे आले. त्याच्या आधीच वर्षभर निरंजनचे वडील, बायको गेल्यावर, मुलाकडे येऊन राहिले होते. व्याही आणि विहीण एका छपराखाली, म्हणून पुण्यातल्या नातेवाइकांची चांगली करमणूक झाली. कोण रुसतं आणि कोणाचा मान राहतो, याच्या चौकशा फोनवरून होत. रुसायला सवड कुठली? व्याह्यांची पुण्यात पॅथॉलॉजीची लॅब होती. जन्मभर त्यांना माणसं भेटली ती बाटलीतून आणि काचेच्या पट्टीवरून. जित्याजागत्या माणसाशी काय बोलावं, हे त्यांना अजून नीट समजत नाही. बॉयलरशी मात्र त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. तो रोज नमुना देतो आणि तक्रार करत नाही.

मी त्यांना डॉक्टर म्हणते, ते मला विहीणबाई म्हणतात. त्यांची वाक्यं दोनच. काहीही बिघडलं की, "आधी हिस्टरी सांगा." आणि आपण अंदाज बांधायला लागलो की, "लक्षणांवर जाऊ नका, नमुना आणा." केतकीची डाळ शिजली नाही, तरी हेच.

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी आल्याच्या पहिल्या हिवाळ्यातले. एका सकाळी बॉयलर लाल दिवा लावून बंद पडला. घरात मी एकटीच शहाणी आहे, या समजुतीनं मी रिसेटचं बटण दाबलं. पेटला नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा बोट नेलं, तेवढ्यात दारातून आवाज आला, "हात खाली घ्या, विहीणबाई." मुख्य बटण बंद करून त्यांनी मला बाहेर बसवलं. बॉयलर पुरता गार होईपर्यंत दाराला हात लावू दिला नाही. मग उघडून दाखवलं: आत न जळलेल्या गोळ्यांचा ढीग. दर वेळी बटण दाबलं की तो नवा घास घेत होता, पेटत मात्र नव्हता. मी आणखी दाबत राहिले असते आणि तो ढीग एकदम पेटला असता, तर धुराचा आणि जाळाचा भपका दार उघडून माझ्या तोंडावर आला असता. ढिगाखाली राख वितळून तिचा दगड झाला होता. हवेची भोकं त्यानंच बुजवली होती.

"याला अपचन झालंय," ते म्हणाले. "काल काय खाल्लं यानं?"

मी पेलेटचं पोतं शेडमध्ये तोंड उघडं ठेवून ओल्या फरशीवर टेकवलं होतं. गोळ्या दमट झाल्या होत्या. मी सांगायच्या आधीच त्यांनी हिस्टरी माझ्या चेहऱ्यावरून वाचली.

पश्चात्ताप म्हणून मी राख काढायला घरातला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आले. त्यांनी त्याची पिन काढली आणि राख फावड्यानं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून अंगणात, लाकडी भिंतीपासून लांब नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मला बोलावून तो डबा ढवळला. आत एक लाल डोळा लुकलुकत होता. तो व्हॅक्यूमच्या कागदी पिशवीत गेला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही. माझं मलाच दिसलं.

तेव्हा मी त्यांना माझ्या तरुणपणातली एक गोष्ट सांगितली. यांच्या बँकेनं टोकियोला पाठवलं, तेव्हाची मी म्हणजे बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आणि हे वाक्य मी इमारतीतल्या प्रत्येक बाईला कधी ना कधी ऐकवलेलं. घरात रॉकेलचा हीटर होता. खिडकी उघडा, हवा खेळू द्या, असं सांगायला तो दर थोड्या वेळानं पीं पीं करायचा. या बुद्धिमान बाईनं काय करावं? खिडकीच्या फटींना पार्सलची चिकटपट्टी लावली आणि हीटरच्या आवाजावर उशी ठेवली. डोकं दुखायला लागलं तेव्हा सासूबाईंच्या पत्राला दोष दिला. हे लवकर घरी आले आणि त्यांनी खिडक्या उघडल्या, म्हणून आज ही फर्स्ट क्लास बाई लिहायला शिल्लक आहे.

डॉक्टर हसले नाहीत. "कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास," ते म्हणाले. "आम्हालाही तो रक्तातच सापडायचा." दुसऱ्याच दिवशी माझ्या उशाशी त्या वायूचा अलार्म लागला. घरातले सगळे अलार्म ते दर रविवारी नाश्त्याच्या वेळी वाजवून बघतात. माझी नात इरा कानावर हात ठेवून "उरुसाई!" म्हणून ओरडते, म्हणजे किती हा गोंगाट. ते समाधानानं मान हलवतात. ओरडली, म्हणजे अलार्म चांगला आहे.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टर पेलेटचं पोतं उचलताना बर्फावरून घसरले. फार लागलं नाही, पण निरंजन घाबरला. त्यानं बॉयलरच्या देखभालीचा करार केला आणि वडिलांना बजावलं, "बाबा, आता त्यात हात घालायचा नाही." मोरी-सान, म्हणजे आपले मोरीराव, असा एक नम्र माणूस महिन्याच्या महिन्याला येऊ लागला. काम चोख. पहिल्या खेपेला डॉक्टर बशी घेऊन त्यांच्या मागे उभे राहिले होते. मोरी-साननी कमरेत वाकून नमस्कार केला आणि राखेसाठीच्या खास यंत्रानं कण न् कण ओढून नेला. बशी रिकामी राहिली.

सकाळचा रिपोर्ट बंद झाला. डॉक्टर फोनवर वर्तमानपत्राचं एकच पान उघडून बसू लागले. मग एक दिवस म्हणाले, पुण्याचा फ्लॅट कधीचा बंद आहे, नळ गंजले असतील, जाऊन राहायला हवं. किती दिवस, असं निरंजननं विचारलं, तर म्हणाले, "बघू." निरंजनला वाटलं, बाबांना इथे कंटाळा आलाय. टोकियोहून आलो की तिकीट काढतो, असं सांगून तो गेला.

त्या फ्लॅटमध्ये कोणी नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मला झोंबलं ते वेगळंच. मला सकाळी उठून ऐकायला काहीच उरणार नव्हतं.

निरंजन यायचा होता त्या दिवशी केतकी आणि इरा बसनं निघून गेल्या. मी मागच्या खोलीत गेले आणि पेलेटच्या पेटीचं झाकण उचलून त्याखाली स्वयंपाकातली एक चॉपस्टिक सरकवली. झाकण नीट बसलेलं नसलं की बॉयलर शहाण्यासारखा स्वतःहून खाणं थांबवतो आणि विझतो. हे मला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. थोड्या वेळानं दिवा लाल झाला.

"डॉक्टर, पेशंट थंड पडला."

त्यांनी मान वर केली नाही. "मोरी-सानना फोन करा."

"केला. रस्त्यावर बर्फ आहे, संध्याकाळशिवाय जमत नाही म्हणाले." फोन मी केलेलाच नव्हता.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मग फोन खाली ठेवला. "आधी हिस्टरी सांगा."

मग काय तपासणी झाली! बाहेर जाऊन त्यांनी हवेच्या नळीच्या तोंडावरचा बर्फ झाडला. बॉयलर गार झाल्यावर दारात कोंबिनीची, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाची, पावती धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. घट्ट अडकली, म्हणजे दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी शाबूत. ज्योत पाहणाऱ्या काचेच्या डोळ्यावरची काजळी फडक्यानं पुसली. चार गोळ्या पाण्यात टाकून फुगतात कशा ते बघितलं. मी टॉर्च धरून उभी. झाकण त्यांच्या नाकासमोर तिरकं, चॉपस्टिक बाहेर डोकावतेय, आणि हे गृहस्थ भिंगातून स्क्रू बघताहेत. यांची नजर गेली की काय? कबूल करून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच त्यांनी दोन बोटांनी चॉपस्टिक काढली आणि झाकण दाबून बसवलं. बॉयलर घरघरला. काचेमागे ज्योत उभी राहिली.

त्यांनी चॉपस्टिक नाकाशी धरली. "कालचा रस्सा," म्हणाले. "आल्या आल्या दिसली होती."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

त्यांनी गरम होत आलेल्या नळीवर हात ठेवला. ज्योतीकडेच बघत होते. "लॅब बंद केल्यापासून मला असं बोलवायला कोणी आलं नव्हतं, विहीणबाई. लगेच बरा केला असता, तर लगेच संपलं असतं."

मी टॉर्च बंद केला. मग विचारलं, "निरंजनला तिकिटाचं काय सांगू?"

"सांगा, पेशंट सोडून जाता येत नाही. मोरी-सान येतात ते महिन्यातून एकदा. रोज कोण बघणार?" ते चष्मा पुसायला लागले. "आणि ते झाकणाचं त्याला बोलू नका. पोरगा कुलूप बसवून घेईल."