समोरच्या घराची सोय

पालिकेची दोन माणसं आली आणि मास्तरांच्या घरासमोरच्या सार्वजनिक शौचालयाला भलंमोठं कुलूप ठोकून गेली. मास्तर खिडकीतून बघत होते. सगळी हयात शिलाई मशीनवर वाकून काढलेला हा माणूस, पण आज लढाई जिंकून आल्यासारखा ताठ उभा होता. त्या शौचालयाचा वास त्यांच्या ताटात यायचा, अंथरुणात यायचा, दुकान चालू होतं तेव्हा गिऱ्हाइकांच्या नव्या कोटांनाही यायचा. शेवटी वैतागून ते पालिकेत गेले होते आणि साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "बंदोबस्त करा म्हणजे करा!" बंदोबस्त म्हणजे पाणी, झाडू आणि फिनेल, असं मास्तरांना वाटत होतं. पालिकेला कुलूप स्वस्त पडलं.

"बघ, गेला की नाही वास?" ते बायकोला म्हणाले.

"वास गेला हो. पण माणसं कुठे जाणार?"

"ते आपण कशाला बघायचं?"

दुपारी दारावर टकटक झाली. नाक्यावरचा टॅक्सीवाला पाय आवळून उभा होता.

"काकू, एकच मिनिट. सकाळपासून धरून ठेवलंय."

काकूंचा स्वभाव भारी भिडस्त. दारावर आलेल्या विक्रेत्याला कधी नाही म्हणता आलं नाही, म्हणून घरात एकसारख्या चार चाळण्या होत्या. इथे तर माणूस डोळ्यांत पाणी आणून उभा. त्या बाजूला सरकल्या.

संध्याकाळी चपलांच्या दुकानातली विक्रेती मुलगी आली. दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. मग एक गरोदर बाई, तिच्यामागे तिची सासू, आणि सासूच्या मागे अख्खा बाजार. आठवड्याभरात मास्तरांच्या पॅसेजमध्ये रांग लागली. दुपारीच टाकी रिकामी व्हायला लागली, तेव्हा लोक आपापल्या बाटल्या भरून आणू लागले. मास्तर जेवायला बसले की रांगेतली माणसं आपुलकीनं विचारायची, "आज कसली भाजी?"

एवढंच असतं तर मास्तरांनी सोसलं असतं. पण त्यांचं नुकतंच प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "लागली की लगेच जायचं, थांबायचं नाही." मुळात थांबताच येत नाही, हे सांगायची मास्तरांना लाज वाटली होती. पलंग ते संडास एवढी वाट वेळेत चालून जाणं, म्हातारपणी त्यांची सगळी अब्रू एवढ्यावर येऊन ठेपली होती.

"अगं, एकदा तरी नाही म्हण की कुणाला!"

"कसं म्हणू? तुम्हाला घाई कशी असते ते मी बघते ना रोज. त्यांनाही तशीच असेल."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मास्तर पुन्हा पालिकेत गेले. या वेळी टेबलावर हात आपटला नाही, हात जोडले.

"साहेब, ते शौचालय उघडा."

"तुम्हीच ना ते वासवाले?"

"हो. येऊ दे वास."

"बंद करा म्हणता, उघडा म्हणता. पालिका आहे ही, तुमच्या घरचं कपाट नाही. पाहणी करावी लागेल."

साहेब पाहणीला आले. कुलपाकडे त्यांनी रस्त्याच्या अलीकडूनच नाकाला रुमाल लावून पाहिलं आणि मास्तरांच्या घरात शिरून रांग मात्र नीट न्याहाळली. मग ते जरा घुटमळले, इकडेतिकडे पाहून काकूंना म्हणाले, "प्रवासात राहूनच गेलं हो. जरा जाऊन आलो तर..."

"या ना साहेब, या!" काकूंनी त्यांना सगळ्यांच्या पुढे काढलं.

दार लागलं आणि नेमकी तेव्हाच मास्तरांना लागली. काठी टेकत ते दारापर्यंत आले. लोकांनी मुकाट्यानं वाट दिली.

"साहेब, जरा लवकर."

आतून आवाज आला, "पाहणी चालू आहे!"

मास्तरांनी भिंत धरली. एक गुडघा दुसऱ्यावर दाबला. पुन्हा दार वाजवलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला, तो त्यांना सहन झाला नाही. आणि मग घाई संपली.

पँट त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेली होती. रांगेतलं कुणी हसलं नाही. विक्रेती मुलगी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली, टॅक्सीवाला छताकडे बघू लागला. कुणी हसलं असतं तर मास्तरांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

साहेब हात पुसत बाहेर आले. खाली पाहून त्यांनी एक पाय जपून उचलला.

"जमीन ओली आहे, लक्ष ठेवा. बाकी वा! इतकी स्वच्छ सोय या भागात मी दुसरी पाहिली नाही."

काकूंनी मास्तरांना आतल्या खोलीत नेऊन त्यांचे कपडे बदलले. मास्तर लहान मुलासारखे रडत होते.

"नाही म्हणायला शीक गं. माझ्यासाठी तरी."

"शिकेन हो," काकू म्हणाल्या. त्याही रडत होत्या, आणि त्या मनापासून बोलत होत्या.

पुढच्याच आठवड्यात पालिकेची तीच दोन माणसं आली. मास्तर धडपडत खिडकीशी गेले. कुलूप काढतील असं त्यांना वाटलं, पण माणसांनी कुलपाच्या वर एक पाटी ठोकली: 'हे शौचालय कायमचे बंद. पर्यायी सोय समोरच्या घरात.' खाली बाण होता.

त्या दिवशी रांग दारातून बाहेर पडली. पाटी वाचून लांबलांबची माणसं आली होती. मास्तर काठी टेकत पुढे निघाले, तसा एका अनोळखी माणसानं हात आडवा घातला.

"आजोबा, रांग मागून आहे."

"अरे, घर माझं आहे!"

"घर असेल. सोय पालिकेची आहे. पाटी वाचा."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी रांगेतल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या,

"नाही."

मग हलक्या आवाजात, मास्तरांकडे न बघता, "असं मधे घुसणं बरं दिसत नाही हो. ही माणसं केव्हाची उभी आहेत."

मास्तर मागे मागे जात राहिले. पॅसेज संपला, पायऱ्या संपल्या. रांगेचं शेपूट रस्ता ओलांडून थेट त्या कुलपापर्यंत गेलं होतं. बंद दाराला पाठ टेकून, गुडघे आवळून ते सगळ्यात शेवटी उभे राहिले.

वास मात्र खरंच येत नव्हता.